डायनिंग कारचे पैसे कोण भरणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ओहायोत राहतो. घरात एचओ मापाची (खऱ्याच्या सुमारे ८७ पट लहान) छोटी रेल्वे आहे. मी ज्या हौशी मंडळाचा सभासद आहे, त्यांनी १९५०च्या दशकातली एक अख्खी स्टेनलेस स्टीलची गाडी, १० डबे, त्या मापाचं मॉडेल म्हणून नव्याने बनवून घ्यायचं ठरवलंय. किंमत १,२०० डॉलर. निम्मे आत्ता, निम्मे पहिले नमुने आल्यावर. पत्रकात लिहिलंय, 'पुरेशी नोंदणी झाली की काम सुरू, दोन वर्षांत डबे हातात.' नोंदणी ३१ ऑक्टोबरपर्यंत आहे. पैसे भरावेत का? आणि बुडाले तर?"

भरा, पण आज नको. आधी मंडळाला एवढंच विचारा की डायनिंग कारचे पैसे कोण भरणार. प्रश्न विनोदी वाटेल, पण ज्यांना याचं उत्तर आकड्यांत देता येतं त्यांचे डबे येतात, आणि ज्यांना येत नाही त्यांची फक्त पत्रकं येत राहतात.

माझी ओळख करून देतो, म्हणजे हे कोण बोलतंय ते कळेल. भोसरीत एका टूलरूममध्ये उमेदवारी केली, पुढे इलिनॉयला डाय, म्हणजे प्लॅस्टिक ओतायचे पोलादी साचे, बनवण्यात सत्तावीस वर्षं गेली. लोकांनी आगाऊ पैसे भरून डबे बनवून घेण्याच्या तीन प्रकल्पांत मी होतो. एकात हिशेब आणि कारखान्याशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, दुसऱ्यात ड्रॉइंग तपासायचं काम होतं, आणि तिसऱ्यात मी नुसता पैसे भरणारा. तो तिसरा बुडाला. त्याबद्दल पुढे सांगतो.

सगळ्यात पहिली गोष्ट, तुमचे ते ६०० डॉलर डब्याचे नाहीत. ते डायचे आहेत. प्लॅस्टिकचा डबा म्हणजे मूठभर एबीएस, त्याला कितीसे पैसे लागणार? खर्च होतो तो पोलादाचे दोन ठोकळे कापून, स्पार्कवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, झिजवून, त्यात खिडक्यांच्या चौकटी, रिव्हेट आणि पन्हळ्या उलट्या कोरण्यात. एक डबा काढायचा असो की पाच हजार, डाय तेवढ्यालाच पडते.

मालडब्याच्या बाबतीत हे गणित सुखाचं आहे. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या अमेरिकी कंपनीचा पीएस-१ नावाचा बंद मालडबा १९४७पासून निघाला आणि तो कितीतरी रेल्वे कंपन्यांनी घेतला. त्याची एक डाय केली की मॉडेल बनवणारा ती वर्षानुवर्षं वापरतो. या वर्षी लाल रंग, पुढच्या वर्षी निळा, नंबर बदलायचे, की नवा माल तयार. प्रवासी डब्याचं तसं नसतं. तिथे खिडक्या म्हणजे आतल्या खोल्यांचा नकाशा असतो. दहा छोट्या खोल्या आणि सहा मोठ्या असलेल्या स्लीपरच्या खिडक्या एका रांगेत बसतात, आणि बावीस छोट्या खोल्यांच्या स्लीपरच्या वेगळ्याच. शिवाय एकाच डब्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, एकीकडे खोल्या तर दुसरीकडे बोळ. प्रत्येक रेल्वे कंपनीने आपापल्या पसंतीचा नकाशा दिलेला. म्हणजे एकीची डायनिंग कार दुसरीचं नाव छापून खपवली, तर जाणकार पहिल्याच नजरेत ओळखतात आणि मग वर्षभर तुमचा पिच्छा सोडत नाहीत.

आता तुमच्या गाडीचा हिशेब मांडू. आकडे मी सोपे धरतो. दहा डब्यांत प्रकार सहा: सामानाचा डबा एक, बसायचे डबे तीन, घुमट असलेला कॉफीचा डबा एक, डायनिंग कार एक, स्लीपर तीन आणि शेवटचा गोल शेपटीचा ऑब्झर्वेशन एक. प्रत्येक प्रकाराची डाय सरासरी ५०,००० डॉलर धरा. बोगी (इकडे तिला ट्रक म्हणतात), डबे जोडणारे कपलर, खालची टाकी-पाइपांची जंत्री सगळं त्यात आलं. झाले ३ लाख डॉलर. समजा डबे सुटे विकले. बसायचा डबा लोक तीन-तीन, चार-चार घेतात. दुसऱ्या गाड्यांत चालवायलाही घेतात. त्याचे सहज २,००० नग जातील. ५०,०००ला २,०००ने भागा, नगामागे डायचे २५ डॉलर. डायनिंग कार मात्र माणूस एकच घेतो, आणि ज्याला पूर्ण गाडी करायचीय तोच घेतो. ती ३०० गेली तर नगामागे १६६ डॉलर फक्त डायचे! ऑब्झर्वेशनचं तसंच. आता एक डबा ८० डॉलरला आणि त्याच्याच शेजारचा २३० डॉलरला, अशी किंमत लावून कोण दुकान चालवणार? म्हणून मोठे ब्रँड बसायचे डबे आणि स्लीपर काढतात, डायनिंग कार 'पुढे पाहू' म्हणतात, आणि ते पुढे कधी येत नाही. हौशी लोकांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो तो या दोन डब्यांपायी.

यावर चालणारा तोडगा माझ्या माहितीत एकच आहे: गाडी अख्खी विकायची, सुटा डबा नाही. बसायच्या डब्यांतून सुटणारा पैसा डायनिंग कारच्या डायला जातो. तुमच्या मंडळाने हेच केलंय, आणि ते मला आवडलं. ५०० जणांनी ६००-६०० भरले की बरोबर ३ लाख होतात, म्हणजे पहिल्या हप्त्यात सगळं पोलाद कापून होतं. दुसऱ्या हप्त्यात माल, जोडणी, रंग, जहाज. पण हे ५०० जण आले तर. ३५० आले तर हातात २ लाख १० हजार. मग काय करणार? इथेच तुमच्या पत्रकातला 'पुरेशी' हा शब्द खटकतो. पुरेशी म्हणजे किती? तो आकडा लेखी मागा. आणि तेवढे लोक आले नाहीत तर पैसे किती दिवसांत परत, हेही. आकडा न ठरवता काम सुरू केलं की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. चार प्रकारांच्या डाय होतात, पैसे संपतात, आणि उरलेले दोन प्रकार 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलले जातात. ते दोन कुठले असतात, हे आता तुम्हीच सांगाल.

गाडी कुठली निवडली यालाही फार महत्त्व आहे. कॅनेडियन पॅसिफिकने आपल्या 'द कॅनेडियन' या गाडीसाठी फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून १७३ डबे घेतले, गाडी २४ एप्रिल १९५५ला सुरू झाली. त्या १७३मध्ये प्रकार फक्त सात: सामान-कर्मचाऱ्यांचे १८, बसायचे ३०, घुमटाचे स्कायलाइन १८, डायनिंग कार १८, मॅनर स्लीपर ४२, शातो स्लीपर २९, आणि शेपटीचे पार्क १८. सगळे चकचकीत स्टेनलेसचे. पुढे १९७८ मध्ये हे डबे व्हिया रेल या कॅनडाच्या सरकारी प्रवासी कंपनीकडे गेले आणि टोरंटो ते व्हँकुव्हर मार्गावर अजून धावताहेत. मॉडेलवाल्याला याहून काय हवं? सात डायांत खरी गाडी पूर्ण होते, आणि १९५५चं दृश्य करणाराही घेतो नि आजचं करणाराही. टोरंटोजवळच्या रॅपिडो ट्रेन्स या मॉडेल कंपनीने ही गाडी एचओमध्ये काढली ती उगीच नाही. याउलट एखादी गाडी दहाच वर्षं धावली आणि त्यातही दोनदा रंग बदलला, तर गिऱ्हाइकं तीन ठिकाणी वाटली जातात. तुमची गाडी किती वर्षं एका रूपात धावली हे मंडळाला माहीत असणारच. तेवढं एक बघून घ्या.

ब्रिटनमध्ये रिव्होल्यूशन ट्रेन्सने एन मापाची (एचओहून लहान) पेंडोलिनो ही वेगवान प्रवासी गाडी अशीच लोकांच्या आगाऊ पैशांतून काढली, आणि तयार करून दिली ती रॅपिडोनेच. ती ९ किंवा ११ डब्यांची ठरीव जोडणीची गाडी, एखादा डबा गाळून चालवायची सोय नाही. अशा गाडीला 'अख्खी घ्या' म्हणणं सोपं जातं.

आता ड्रॉइंगविषयी, कारण पैशांनंतर प्रकल्प बुडतात ते इथे. मी ज्या प्रकल्पात तपासनीस होतो, त्यात डायनिंग कारचं कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, पाहून आम्ही चौघांनी 'ठीक' म्हणून सही केली होती. डाय झाली, पहिल्या ट्रायलचे नमुने आले, रंग नसलेले, राखाडी. मी भिंगाखाली धरला. पन्हळ्या मोजल्या, बरोबर. खिडक्यांच्या कोपऱ्यांची गोलाई बरोबर. आतून टेबलाचे खुंट जिथे आहेत तिथे बाहेर बारीक खड्डे पडले होते, सिंक मार्क, तो दुरुस्त होण्यासारखा दोष. मग तो नमुना आम्ही मंडळाच्या एका जुन्या सभासदाला दाखवला. त्याचे वडील त्या रेल्वेत डायनिंग कारवर वेटर होते. त्याने डबा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "माझे वडील स्वयंपाकघरातून बाहेर कसे यायचे? इथे तर भिंत आहे." स्वयंपाकघराची बाजू आणि बोळाची बाजू अदलाबदल झाली होती. कुणीतरी फोटोची निगेटिव्ह उलटी छापलेली, आणि आम्ही त्या फोटोवरून काम केलेलं. दोन्ही बाजूंचे इन्सर्ट, म्हणजे डायमधले सुटे तुकडे, नव्याने कापावे लागले. पाच महिने आणि बरेच पैसे गेले. तुमच्या मंडळाला विचारा की मूळ कारखान्याची ड्रॉइंगं हातात आहेत का, की नुसते फोटो. आणि तपासणाऱ्यांत त्या डब्यातून खरोखर चाललेलं कुणी आहे का.

स्टेनलेसच्या झिलईचंही तसंच. चंदेरी रंग मारला तर डबा राखाडी दिसतो, क्रोम चढवलं तर खेळण्यासारखा चमकतो. खरं स्टेनलेस या दोन्हींच्या मधलं असतं, आणि ते मधलं साधायला मुलामा देणारा चांगला कारागीर लागतो. रंगीत नमुना पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. 'पहिले नमुने' म्हणजे राखाडी प्लॅस्टिक की रंगवलेला डबा, हे पत्रकात स्पष्ट करून घ्या. त्या दोन्हींत वर्षभराचं अंतर पडू शकतं.

माझे बुडाले त्याची गोष्ट. ६४० डॉलर होते, निर्माता एकटा माणूस. लबाड होता असं मला आजही वाटत नाही. त्याने केलं एवढंच, की आधीच्या मॉडेलचे राहिलेले पैसे आमच्या आगाऊ रकमेतून भागवले, आणि आमचे भागवायला तिसरं मॉडेल जाहीर केलं. याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात तसं. एक दिवस फिरवायला टोपी उरली नाही. डाय अर्ध्या झाल्या होत्या, पण कारखान्याचं देणं थकलेलं, त्यामुळे कारखान्याने त्या अडकवून ठेवल्या. आम्ही काही जणांनी पत्र लिहून विचारलं, बाकीचे पैसे आम्ही भरतो, डाय आम्हाला द्या. उत्तर आलं: करारात तुमचं नाव कुठे आहे?

म्हणून दोन कागद बघा. एक, पैसे मंडळाच्या रोजच्या खात्यात जातात की या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात, आणि काढताना किती जणांच्या सह्या लागतात. दोन, कारखान्याशी झालेल्या करारात डायची मालकी कोणाची लिहिलीय. मालकी मंडळाची असेल आणि दुसऱ्या कारखान्यात न्यायची मुभा असेल, तर कारखाना बंद पडला तरी सगळं जात नाही. सगळं जात नाही एवढंच, पुष्कळ जातं. डाय दुसऱ्याच्या मशिनवर सहज बसत नाही, इन्सर्ट हरवलेले असतात, आणि कारखाना बहुधा चीनमधला, म्हणून ड्रॉइंग चिनी भाषेत. २००८च्या अखेरीस सांडा कान हा चीनमधला मॉडेल बनवणारा मोठा कारखाना काडर समूहाने घेतला, त्यानंतर कित्येक ब्रँडांना नवा कारखाना शोधावा लागला होता. मोठ्यांची ती गत, तर हौशी मंडळाचं काय?

दोन वर्षांची मुदत मी मनातल्या मनात साडेतीन धरली असती. चिनी नववर्षाला कारखाना कित्येक आठवडे बंद असतो, आणि परतलेल्या कामगारांत निम्मे नवे असतात. त्यांच्या पहिल्या महिन्यातलं चिकटकाम कसं असतं ते खिडक्यांच्या काचांवरच्या बोटांच्या ठशांवरून ओळखता येतं. आणि किंमत? इकडे खेळण्यातल्या आगगाड्यांवर कित्येक वर्षं आयात शुल्क शून्य होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये चिनी मालावर ते १४५ टक्क्यांपर्यंत गेलं आणि मे महिन्यात ३०वर आलं. ज्यांनी लोकांकडून ठरलेली किंमत घेऊन ठेवली होती, त्यांच्या झोपा उडाल्या. तेव्हा शुल्क वाढलं तर फरक कोण सोसणार, हे एक वाक्य करारात हवंच. सभासदाने सोसायचा असं लिहिलं असेल तर मला ते चालेल, पण लिहिलेलं हवं.

बुडाले तर काय, हे तुम्ही विचारलंत. क्रेडिट कार्डाने भरा, चेकने नको. पण त्यावरही फार विसंबू नका. अमेरिकेच्या कायद्यात कार्डाच्या बिलावर तक्रार करायला पहिल्या स्टेटमेंटपासून ६० दिवस आहेत. कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम काही वेळा जास्त मुदत देतात, पण तीन वर्षांच्या प्रकल्पाला तीही पुरत नाही. (ब्रिटनमधले वाचक असतील तर त्यांचं बरं आहे, १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ त्यांना १०० पाउंडांपुढच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीलाच जबाबदार धरू देतं.) थोडक्यात, ६०० गेले तर घरात भांडण होणार नाही अशीच रक्कम भरा. थट्टा नाही ही.

आणि एक घरगुती गोष्ट, जी पत्रकात कुणी लिहीत नाही. ८५ फुटी डबा एचओमध्ये २९.७ सेंटिमीटरचा होतो. दहा डबे म्हणजे तीन मीटर, त्यावर इंजिनं. सुरुवातीच्या संचातलं १८ इंच त्रिज्येचं वळण असेल तर हे डबे एकतर उतरतील, नाहीतर वळणावर त्यांचे कोपरे असे बाहेर येतील की बघवणार नाही. २४ इंच ही माझी किमान, ३०च्या पुढे ते शोभतात. मला एक गृहस्थ माहीत आहेत, त्यांची गाडी गेली चार वर्षं खोक्यांतच आहे. दर दिवाळीला एक डबा काढून दिव्यांमध्ये ठेवतात.

पुण्याला गेलो की हाच प्रश्न मला वेगळ्या रूपात येतो: डेक्कन क्वीन का नाही करत कुणी? डायनिंग कारसाठी इतकी नावाजलेली गाडी! १ जून १९३०ला निघाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक चंदेरी, एक गडद निळा. सांगाडे विलायतेहून आणि वरचं अंग माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधलेलं. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, ती एचओ मापात १९.२ होते, आणि बाजारातला एचओचा रूळ १६.५चा. म्हणजे एकतर बोगी अरुंद करायची, नाहीतर रूळही स्वतः घालायचा. त्यात २०२२ पासून एलएचबी डबे आले, त्याआधीचं रूप निराळं, त्याच्या आधीचं आणखी निराळं. ५०० जण मिळतीलही, पण ते १९३०, १९९० आणि २०२२ असे तीन गटांत भांडतील. तोवर ज्याला हवी त्याने एकच डायनिंग कार थ्रीडी प्रिंट करून घ्यावी. तिच्या बाजू सपाट असतील तिथे घासून गुळगुळीत करता येतात; पन्हळीदार स्टेनलेसचं ते काम नव्हे, पन्हळीत थर दिसतात.

तर तुमच्यासाठी, मंडळाला मेल करा. किती नोंदणीला काम सुरू, नाही झाली तर पैसे कधी परत, खातं वेगळं आहे का, डायची मालकी कोणाची, शुल्काचा फरक कोणावर, दुसरा हप्ता राखाडी नमुन्यावर की रंगीत. आणि सहाही प्रकारांच्या डाय एकाच वेळी टाकणार का, की डायनिंग कार मागून. मंडळातली माणसं बहुतेक निवृत्त, फावल्या वेळात राबणारी असतात, तेव्हा जरा गोडीने लिहा. पण उत्तर लेखी मागा. शेवटच्या प्रश्नाला 'एकाच वेळी' असं आलं आणि बाकीच्यांपैकी खातं नि मालकी या दोन्हींची उत्तरं सरळ असली, तर भरून टाका. ३१ ऑक्टोबरला अजून वेळ आहे. त्या आधी जमिनीवर रूळ टाकून तीन मीटरची गाडी कुठे उभी राहील ते मोजून ठेवा.